एक्केचाळीस इंच

आमच्या शेजारच्या काकांइतकं बर्फावर प्रेम करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो अल्फारेटामध्ये तरी नक्कीच राहत नसेल. अल्फारेटा जॉर्जियात आहे. इथे थंडी येते ती घाईतल्या पाहुण्यासारखी, अर्धा कप चहा घेते आणि 'बरं, निघते' म्हणते. बर्फ पडलाच तर चार-पाच वर्षांतून एकदा, तोही करंजीवर पिठीसाखर भुरभुरावी इतकाच. अशा गावात हा गृहस्थ मागच्या अंगणात, हिरव्यागार गवताच्या मधोमध, पांढऱ्या रंगाने रंगवलेली प्लायवूडची एक चौकोनी फळी मांडून बसलेला आहे. बर्फ पडला की तो या फळीवर पडावा आणि काकांनी तो पट्टीने मोजावा, एवढाच त्या फळीचा उपयोग. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यावर खार बसलेली असते.

आम्ही न्यू जर्सीहून इथे राहायला आलो तो जुलै महिना होता. ट्रकमधून सोफा उतरत होता, माझ्या नवऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, आणि अशा वेळी कुंपणापलीकडून अर्धी चड्डी आणि लोकरीची कानटोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ डोकावले. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "मराठी का? वा! कुठून आलात?"

"न्यू जर्सी," नवरा म्हणाला.

"अरे वा वा! मग ते दोन दिवसांचं वादळ झालं त्यात तुमच्याकडे किती भरला?"

"काय किती भरला?"

"बर्फ हो!"

नवऱ्याने सोफ्याचं एक टोक हातात धरून प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "बराच होता."

काकांच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळला. "बराच हे काय माप झालं?" असं म्हणून ते आत निघून गेले. पहिल्याच दिवशी शेजार दुखावला म्हणून मी नवऱ्यावर डोळे वटारले. पाच मिनिटांत काका परत आले ते कोकम सरबताचा जग आणि एक लाकडी पट्टी घेऊन. सरबत प्यायला होतं आणि पट्टी आमच्या घरात कायमची ठेवायला. "असू द्या. उद्या पडला तर?" ते म्हणाले. तेव्हा बाहेर पंचाण्णव डिग्री फॅरेनहाइट तापमान होतं.

काका मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी नोकरीनिमित्त सिराक्यूजला गेले आणि तिथेच मुरले. सिराक्यूज म्हणजे न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग, शेजारी मोठं सरोवर, त्याच्यावरून वारा सुटला की बर्फाला खळच नाही, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडतच असतो. बाकीची माणसं तिथे राहतात, कुरकुरतात आणि निवृत्त झाल्यावर फ्लोरिडाला पळतात. काका तिथे सुखी होते. शेवटी काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, मुलगी अल्फारेटात नोकरीला होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता बर्फावर घसरलात तर कठीण आहे. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही. घर विकलं, फावडी वाटून टाकली, बर्फ ढकलायचं यंत्र शेजाऱ्याला देऊन टाकलं. फळी तेवढी गाडीत मागच्या सीटवर पट्टा बांधून आणली. काकू सांगतात की वाटेत दोनदा गाडी थांबवून फळी नीट बसली आहे ना हे पाहिलं गेलं, माझी पाठ नीट आहे का हे मात्र कोणी विचारलं नाही.

फळीने इथे फार सोसलं आहे. गवत कापायला येणारा माणूस दर आठवड्याला ती उचलून कुंपणाला टेकवून ठेवतो आणि काका दर आठवड्याला ती परत गवतात मांडतात. गेल्या कित्येक वर्षांत दोघांपैकी कोणीही माघार घेतलेली नाही. एकदा सोसायटीच्या कमिटीतल्या बाई घरी आल्या आणि अंगणात ठेवलेली ही वस्तू नक्की काय आहे असं फार गोड आवाजात विचारू लागल्या. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि तासभर बर्फाच्या मोजणीचं शास्त्र समजावून सांगितलं. बाई गेल्या त्या परत कधी आल्या नाहीत. हल्ली त्या आमच्या गल्लीतून कुत्रा फिरवतानाही पलीकडच्या फुटपाथने जातात.

काकांचं कॅलेंडर वेगळं. त्यांना साल विचारलं तर आठवत नाही, वादळ विचारलं की सगळं आठवतं. त्यांच्या बोलण्यात 'मुंजीचं वादळ' येतं, 'नव्या गाडीचं वादळ' येतं, 'सासूबाई आल्या होत्या ते वादळ' येतं. त्या सासूबाई आयुष्यात एकदाच अमेरिकेला आल्या आणि तीन दिवस घराबाहेर पाऊल ठेवता आलं नाही, तरी काकांच्या मते त्यांची सहल सार्थकी लागली, कारण त्यांना अठ्ठावीस इंच बघायला मिळाला. मुलीचा जन्मही असाच. बाळ झाल्याची बातमी फोनवरून सगळ्यांना कळवताना काका म्हणाले, "एकोणीस इंच!" ऐकणाऱ्यांना वाटलं बाळाची लांबी सांगताहेत. अमेरिकेत बाळाचं माप सांगायची पद्धतच आहे, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. काकूंना हे नंतर कळलं आणि त्या अजून सांगतात, "पोरगी चांगली साडेवीस इंचांची होती हो. ते एकोणीस बाहेरचे होते."

मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे. ती वडिलांच्या वेडाला "बाबा, इट्स जस्ट वेदर!" एवढ्या तीन शब्दांत निकालात काढते. काका तिच्याकडे दयेने पाहतात. एकोणीस इंचांत जन्मलेल्या मुलीने असं बोलावं याचं त्यांना वाईट वाटतं.

डिसेंबर लागला की काकांची झोप उडते. हवामानाचा अंदाज सांगणारी जी गणितं असतात त्यांना हे लोक मॉडेल म्हणतात, आणि काकांचं त्यांच्याशी घरोब्याचं नातं आहे. "युरोपियन म्हणतोय तीन इंच, अमेरिकन म्हणतोय काहीच नाही," असं ते चहा पिताना अशा काळजीने सांगतात, की दोन भावांत घराच्या वाटणीवरून बिनसलं आहे असं वाटावं. युरोपियन त्यांचा लाडका. अमेरिकनने थोडा जरी बर्फ दाखवला तर मात्र त्या दिवसापुरता तोही शहाणा ठरतो. इथे अंदाज नुसता वर्तवला तरी गावात हाहाकार उडतो, शाळा आदल्या दिवशीच बंद, दुकानातला ब्रेड आणि दूध तासाभरात साफ. एका जानेवारीत मी अशीच रिकाम्या शेल्फसमोर उभी असताना काका मागून आले. सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, "अर्ध्या इंचाला ब्रेड? आमच्याकडे अर्धा इंच पडला तर लोक छत्रीसुद्धा घ्यायचे नाहीत." मग हळूच माझ्या ट्रॉलीतली दुधाची बाटली पाहून म्हणाले, "एक्स्ट्रा असेल तर काकूंसाठी दे गं." त्या वेळी पडला मात्र नुसता पाऊस, आणि काका आठवडाभर युरोपियनचं नाव घेत नव्हते.

पण या माणसाला खऱ्या रंगात पाहायचं तर रविवारी सकाळी पाहावं. रविवारी दहाला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. बॉस्टनचे एक डॉक्टर, बफेलोचे एक प्राध्यापक, सिराक्यूजचे दोघंतिघं, असे सहा-सात निवृत्त मराठी गृहस्थ आपापल्या चौकटीत कपाळांसह किंवा कपाळांविना जमतात आणि पडून वितळून गेलेल्या बर्फाबद्दल बोलतात. मी आयटीत असल्यामुळे काकांचा कॅमेरा, आवाज आणि कनेक्शन यांची जबाबदारी माझ्याकडे आहे, तेव्हा मी या मैफलीला पुष्कळदा हजर असते. मैफल या शब्दात अतिशयोक्ती नाही. एकाने "चौतीस!" म्हणावं, दुसऱ्याने डोळे मिटून मान डोलवावी, तिसऱ्याने "आणि वरून वारा काय सुटला होता!" अशी जागा घ्यावी. मात्र आकड्याच्या बाबतीत दयामाया नाही. "तुम्ही वाऱ्याने साठलेला ढीग मोजलात," असं बफेलोच्या प्राध्यापकांना एकदा ऐकून घ्यावं लागलं तर ते दोन रविवार आले नाहीत.

यातलं एक शास्त्र मला तिथेच कळलं, ते सांगणं भाग आहे. बर्फ पडतो तेव्हा हलका असतो, मग स्वतःच्याच वजनाने खाली बसतो. चुरमुरे मापात न दाबता भरले तर माप फुगतं, तसंच हे. म्हणून या लोकांचा दंडक असा, की फळीवरचा बर्फ सहा तासांनी मोजायचा, फळी पुसायची, परत मांडायची आणि शेवटी सगळ्याची बेरीज करायची. सहा तासांच्या आत पुसायची नाही. कोणी दर तासाला मोजून पुसत बसला तर बर्फाला बसायला वेळच मिळत नाही आणि बेरीज भलतीच वाढते. या मंडळींत 'तासाला पुसणारा' ही सर्वांत मोठी शिवी आहे. आणि ती शिवी काकांना मिळालेली होती, तीसुद्धा त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्राकडून.

हा मित्र नागपूरचा. सगळे त्याला नागपूरकरच म्हणतात, तेव्हा मीही म्हणते. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेला हा माणूस सिराक्यूजला उतरला त्या संध्याकाळी पहिल्यांदा बर्फ पडताना पाहून कोट न घालता रस्त्यात उभा राहिला, आणि घरमालकिणीने ओढून आत नेलं तेव्हा तिला म्हणाला म्हणे, की बाई, देवाने एसी सुरू केला. काकांची आणि त्याची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दोघांच्या फळ्या एकाच प्लायवूडमधून कापलेल्या. पंचवीसएक वर्षं दोघांनी सकाळी एकाच वेळी आपापल्या अंगणात पट्टी खुपसली आणि मग एकमेकांना फोन केला. आकडा सांगून झाला की ज्याच्याकडे जास्त भरला असेल त्याच्या घरी चहा.

मग ते केळवणाचं वादळ आलं. काकांच्या मुलीचं केळवण ठरलं होतं, श्रीखंड तयार होतं आणि दोन दिवस असा बर्फ पडला की एकही पाहुणा येऊ शकला नाही. रस्ते मोकळे झाल्यावर मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात सगळे भेटले. काकांनी आकडा सांगितला, एक्केचाळीस. नागपूरकरांकडे छत्तीस होता. दोन गल्ल्यांत पाच इंचांचा फरक? नागपूरकरांनी काकांकडे बघितलं, थट्टेने की रागाने कुणास ठाऊक, आणि चारचौघांत म्हणाले, "हा तासाला पुसते." काकांनी कोट चढवला आणि घरी गेले. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे कसं, तर दोघंही रविवारच्या कॉलवर न चुकता येणार, शेजारशेजारच्या चौकटीत बसणार आणि बॉस्टनच्या डॉक्टरांमार्फत बोलणार. "डॉक्टर, त्यांना सांगा, मुंजीच्या वादळात वारा उत्तरेचा होता." "डॉक्टर, त्यांना सांगा, मले माहीत आहे." डॉक्टर बिचारे दोन्हीकडे बघून "ऐकलंत ना?" एवढंच म्हणत. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या स्नेहसंमेलनात त्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मला सांगितलेली हकीकत अगदी निराळी. "वड्यांवरून झालं गं सगळं. बटाटेवडे कमी पडले. ह्यांना दोन मिळाले आणि त्यांना एकही नाही. एवढ्याशा वड्यांवरून इतकी वर्षं! पुरुषांचं काही सांगू नकोस." मी चकित होऊन काकांकडे पाहिलं. काका अतिशय मन लावून वर्तमानपत्र वाचत होते.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी नागपूरकरांनी कॉलवर सांगितलं, की ते घर विकून कायमचे नागपूरला चालले आहेत. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, भाऊ तिकडे एकटा आहे, मुलाला कॅलिफोर्नियातून वेळ नाही, फेब्रुवारी संपता संपता निघणार. सगळे हळहळले. काका कोरड्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, त्यांना विचारा, नागपूरला कॉलच्या वेळी किती वाजलेले असतात." डॉक्टरांनी विचारलं. "रात्रीचे साडेआठ. जमते मले," नागपूरकर म्हणाले. मी लॅपटॉप बंद करेपर्यंत काका खुर्चीतून उठून अंगणात गेले होते आणि फळीवरची पानं वेचत होते. त्या आठवड्यात युरोपियनने जानेवारीसाठी काहीतरी दाखवलं, तेही त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्याने मुद्दाम कुंपणापाशी विषय काढला तर "असेल" म्हणाले. 'असेल' हे काय माप झालं, असं विचारायचं नवऱ्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

शेवटी मीच धीर केला. "काका, तुम्हीच फोन करा ना त्यांना. आकडा काय, चुकतो माणसाचा. एकदा म्हणा छत्तीस, आणि संपवा."

"नाही म्हणता यायचं."

"पण का? तुम्ही खरंच तासाला पुसली होती का?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यावर दरोड्याचा आळ घेतला आहे. "मी? मी आयुष्यात असलं केलेलं नाही."

"मग त्यांना तसं सांगा."

"तेही सांगता यायचं नाही," ते म्हणाले आणि लगेच विषय बदलून आमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल बोलू लागले. या माणसाला साधी माफी मागवत नाही आणि साधा खुलासाही करवत नाही, असा मला मनापासून राग आला. एका आकड्यापायी मित्र चालला आहे, फेब्रुवारीनंतर तो आठ-नऊ हजार मैलांवर असणार, आणि हा टायरची हवा तपासतोय.

जानेवारीत एका रविवारी सकाळी उठून पडदा सरकवला तर अल्फारेटात बर्फ पडत होता. खराखुरा, थेंब नव्हेत, कापसासारखे मोठाले फुलोरे. गवत पांढरं, गाड्या पांढऱ्या, काकांची फळी तर दिसेनाशीच झालेली. गल्लीतली मुलं पायजम्यातच रस्त्यावर आली होती आणि त्यांचे आईबाप त्यांच्याहून जास्त ओरडत होते. मी कोट चढवून काकांकडे धावले. काका खिडकीशी उभे होते. अंगावर सिराक्यूजचा जाडजूड कोट, हातात पट्टी, चेहऱ्यावर लग्नाच्या मांडवातल्या मुलाचा भाव. "थांबला की लगेच मोजायला हवा. इथला बर्फ टिकायचा नाही. दीड इंच तरी आहे, काय म्हणतेस?" आणि मग खिडकीबाहेरच बघत म्हणाले, "आज कॉल लवकर आटपू."

कॉल सुरू झाला. बातमी आधीच सगळीकडे पोचली होती. अल्फारेटात बर्फ म्हटल्यावर चौकटीचौकटीतून अभिनंदनाचा वर्षाव झाला. नागपूरकरांच्या मागे भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे खोके दिसत होते. ते मान पुढे करून पडद्यातून काकांची खिडकी बघत होते. मग बॉस्टनच्या डॉक्टरांना काय सुचलं कोण जाणे, वातावरण छान जमलं आहे असं वाटून ते म्हणाले, "चला, आज प्रत्येकाने आपलं सगळ्यात मोठं वादळ सांगायचं." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी जीभ चावली, कारण काकांचं सगळ्यात मोठं वादळ कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं.

काकू त्याच वेळी उपम्याच्या बशा घेऊन आल्या. "ह्यांचं केळवणाचं वादळ," त्या कॅमेऱ्याकडे वाकून म्हणाल्या. "एक्केचाळीस इंच. मला विचारा, मीच तर मोजलं."

काकांनी टेबलाखालून त्यांचा पदर ओढला.

"अहो, खुणा कसल्या करताय? खरं तेच सांगतेय. एकशे तीन ताप होता ह्यांना, घसा बसलेला, अंथरुणातून उठून बाहेर पळायला बघत होते. मी म्हटलं, तुम्ही पडून राहा, मी मोजते. मग काय! दर तासाला विचारायचे, 'किती झाला?' आणि दर तासाला मी बूट घालून बाहेर. पट्टी खुपसायची, आकडा बघायचा आणि फळी लख्ख पुसायची. ह्यांनीच सांगितलं होतं, मोजलं की पुसायचं. दोन दिवस, एकदासुद्धा कंटाळा केला नाही हो मी. तुमच्यापैकी कुणी इतकं केलंय का?"

बफेलोचे प्राध्यापक घास तोंडात तसाच ठेवून बसले होते. मोजलं की पुसायचं, हे काकूंना काकांनी सांगितलं होतं. सहा तासांचं सांगायचं राहून गेलं होतं. ताप उतरल्यावर काकांना हे कळलं असणार, आणि बर्फाचा मनापासून तिटकारा असलेल्या बाईने त्यांच्यासाठी एवढं केल्यावर तो आकडा चुकीचा म्हणणं त्यांना जमलं नसणार. मला माझ्या रागाची लाज वाटली.

नागपूरकरांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, रात्रीपण गेल्या तुम्ही?"

"मग? बर्फ काय रात्री थांबतो?"

नागपूरकर काकांच्या चौकटीकडे वळले. डॉक्टरांना मध्ये न घेता, आठ-नऊ वर्षांनी पहिल्यांदा. "काबे, सांगितलं काऊन नाही मले?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. "काय सांगायचं होतं?" ते म्हणाले. "आकडा सांगितला होता की."

नागपूरकरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "वहिनी, तुमचाच आकडा बरोबर आहे. एक्केचाळीस. माझी फळी झाडाखाली होती, बर्फ अडकून राहिला वरच्या वर."

आणि इथे आमचे काका खुर्चीतून उसळलेच. "काहीही बोलू नकोस! झाडाखाली कुठे होती? ती जागा मी निवडली होती, चांगली मोकळ्यात होती. छत्तीसच बरोबर आहे!"

"एक्केचाळीस म्हणतो ना मी!"

"छत्तीस!"

"डॉक्टर, याले सांगा, एक्केचाळीस!"

"मी आता कोणालाही काहीही सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि नाक शिंकरू लागले.

काकू या गोंधळाकडे चमचा हातात धरून पाहत होत्या. "म्हणजे तुम्ही दोघं भांडलात ते वड्यांवरूनच ना?" त्यांनी विचारलं.

"कसले व..." बफेलोचे प्राध्यापक सुरू झाले.

"वड्यांवरूनच, वहिनी," नागपूरकर घाईने म्हणाले. "मले एक नाही भेटला. लय जीवाला लागलं."

"बघा! मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या. "या तुम्ही जायच्या आधी इकडे. करते पोटभर."

मग बाकीचे एकेक करून निरोप घेऊन गेले आणि दोघंच उरले. मीही उठले. निघताना कानावर पडलं ते मुंजीच्या वादळातला वारा, नागपूरकरांच्या बायकोच्या हातचा कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा, ती गेली त्या हिवाळ्यात काकांनी केलेला आणि एका रिंगनंतर कापलेला फोन. "तूच होता ना बे तो?" नागपूरकर विचारत होते. काकांचं उत्तर मी ऐकलं नाही. दार लावून घेतलं.

दुपारी काकूंनी बरोबर दिलेल्या उपम्याचं भांडं परत द्यायला गेले तर ऊन पडलं होतं. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं, गवत पुन्हा हिरवं झालं होतं. फळी ओली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. काका अजून लॅपटॉपसमोर होते, कोट तसाच अंगावर, पट्टी टेबलावर. काकूंनी बाहेर बघितलं आणि त्यांचा हात कपाळावर गेला. "अहो! मोजायचं राहिलं की!"

काकांनी वळून खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस उन्मळून पडेल. "राहू दे," ते म्हणाले आणि परत पडद्याकडे वळले.

नागपूरकर फेब्रुवारीत अल्फारेटाला येऊन, वडे खाऊन, नागपूरला गेले. आता रविवारी त्यांच्याकडे रात्र असते, मागे कूलरचा आवाज असतो, आणि त्यांच्या घामाघूम चेहऱ्यावरून काकांची नजर मधूनच बाहेरच्या फळीकडे जाते. दोघांची पुन्हा समोरासमोर भेट होईल का, हे दोघंही विचारत नाहीत. आमच्या गल्लीत मात्र त्या जानेवारीतल्या बर्फाचा विषय अजून निघतो. ज्याने त्याने फोटो काढलेत, कोणी एक म्हणतं, कोणी दोन, आणि मग सगळे काकांना विचारतात, की तुम्ही सांगा, तुमच्या फळीवर नक्की किती भरला.

"कोण जाणे," काका म्हणतात. "आम्ही बोलत होतो."